‘फिरंग’ आणि ‘मुल्हेरी’ : एका तलवारीच्या नावांची चिकित्सा

१

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघोजी भोसले (१६९५–१७५५) यांची तलवार २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनहून मुंबईस आली. त्याच वर्षी एप्रिलअखेर सदबीज ह्या लिलावसंस्थेने ती विक्रीस काढली होती. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळविली आणि वाहतूक व विमा धरून तिच्यासाठी सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्च केले. प्रभादेवी येथील पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत ती लोकांस पाहावयास ठेवण्यात आली, तेव्हा प्रस्तुत लेखकानेही तुर्भ्याहून जाऊन ती पाहिली. तलवारीचे पाते सरळ, लांब व एकधारी असून ते युरोपात घडविलेले आहे. मुठीवर सोन्याची कोफ्तगरी आहे आणि तिचा घाट मुल्हेरी म्हणून ओळखला जातो. पात्याच्या पाठीवर, मुठीलगत, सोन्याच्या पाण्याने पुढील देवनागरी अक्षरे काढली आहेत : ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहिब सुभा फिरंग’.

ह्या तलवारीविषयी गेल्या काही महिन्यांत बरेच लिहिले गेले. त्यातील बहुतेक लेखन आनंदाचे आहे, आणि तो आनंद योग्यच आहे. परंतु आनंदाच्या भरात वस्तूचे वर्णन सैल झाले की पुढील अभ्यासकास ते निस्तरावे लागते. कोणी तिला ‘युरोपीय बनावटीची तलवार’ म्हटले, कोणी ‘अस्सल मराठा तलवार’ म्हटले. इंग्रजी वर्णनांत ‘बास्केट हिल्ट’ हा शब्द येतो, त्याचे ‘टोपलीच्या मुठीची तलवार’ असे भाषांतरही कानी आले. ही तिन्ही वर्णने एकमेकांस छेद देतात, आणि तरीही प्रत्येकात थोडे तथ्य आहे. असे का व्हावे? प्रस्तुत लेखकाच्या मते ह्या गोंधळाचे मूळ वस्तूत नसून नावांत आहे. वर्णन करणाऱ्याने नावाचा कोणता भाग वस्तूच्या कोणत्या भागास लागतो हे पाहिलेले नाही. हा प्रश्न शस्त्रशास्त्राचा असला तरी त्याचा अर्धा भाग भाषाशास्त्राच्या कक्षेत पडतो, म्हणून येथे त्याची चर्चा करण्याचे धाडस केले आहे.

२

प्रथम ‘फिरंग’ हा शब्द घेऊ. अरबीतील ‘इफ्रंज’ आणि फारसीतील ‘फरंग’ ही ‘फ्रँक’ ह्या लोकनामाची रूपे होत. पश्चिम आशियात हे नाव सर्वच पश्चिम युरोपीयांस लावीत. हिंदुस्थानात ते पोर्तुगीजांच्या आधीच पोहोचले होते. पोर्तुगीज आल्यावर ते मुख्यतः त्यांना चिकटले. मराठीत त्याची जी संतती झाली ती पाहण्याजोगी आहे. ‘फिरंगी’ म्हणजे त्या देशाचा मनुष्य. ‘फिरंगाण’ म्हणजे त्याच्या अमलाखालील मुलूख. वसई, साष्टी व ठाणे ह्या प्रदेशास मराठी कागदांत हेच नाव आढळते. तुर्भ्यात राहणाऱ्यास हा शब्द दूरचा वाटू नये. खाडीच्या पलीकडच्या काठावर आणखी एक तुर्भे आहे. त्यास इंग्रजीत ट्रॉम्बे म्हणतात. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे व बेलापूर घेईपर्यंत ह्या खाडीवर पोर्तुगीजांचा वावर होता, आणि १७३९ साली चिमाजी आप्पाने वसई घेतल्यावर फिरंगाण हा शब्द इतिहासजमा होऊ लागला. वैद्यकात ‘फिरंगरोग’ आला. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात तो आहे. आणि १६६० साली शायिस्तेखानाविरुद्ध चाकणचा किल्ला लढविणाऱ्या किल्लेदाराचे नाव फिरंगोजी नरसाळा असे होते. राणोजी, मालोजी, रघोजी ह्या नावांत जो ‘-ओजी’ आहे तोच येथे ‘फिरंग’ ह्या शब्दास जोडलेला दिसतो. जो शब्द मराठी घरात मुलाचे नाव म्हणून चालतो त्यातील परकेपणा पुष्कळच ओसरलेला असला पाहिजे.

तलवारीचे नाव ह्याच कुळातले. पण त्याची घडण थोडी वेगळी आहे. मराठीत वस्तूस गावावरून नाव देताना सामान्यतः ‘-ई’ हा प्रत्यय लागतो : पैठणी, चंदेरी, महेश्वरी, इरकली. ही सारी नामे स्त्रीलिंगी आहेत, कारण मागे ‘साडी’ किंवा ‘लुगड्याची जात’ असा एखादा स्त्रीलिंगी शब्द अध्याहृत आहे. विशेष्य गळून पडले आणि त्याचे लिंग मात्र विशेषणापाशी राहिले. ‘फिरंग’ हीसुद्धा स्त्रीलिंगी आहे. आपण ‘ती फिरंग’ म्हणतो. येथे ‘-ई’ लागलेली नाही, देशाचेच नाव वस्तूवर बसले आहे. परंतु लिंग सांगते की मागे ‘तलवार’ हा शब्द होता. पैठणी म्हणताना आपण वस्त्राच्या विणीकडे पाहतो. फिरंग म्हणताना पूर्वीचा मराठी माणूस कशाकडे पाहत होता? उत्तर एकच संभवते : पात्याकडे. कारण त्या तलवारीत फिरंग्यांच्या देशातून आलेला भाग तेवढाच होता. मूठ येथली होती.

ह्यापुढील पायरी महत्त्वाची आहे. पैठणी पैठणाबाहेर विणली जाऊ लागली, तरी तिचे नाव पैठणीच राहिले. फिरंगेचेही तसेच झाले. जर्मनीतील सोलिंगेन आणि इटलीतील जेनोवा येथील पात्यांवर कारागिरांच्या व पेठांच्या खुणा ठोकलेल्या असत. धावता लांडगा, चंद्रकोरी, दातेरी कमानींची जोडी ह्या खुणांना बाजारात किंमत होती. म्हणून कॉकेशसपासून हिंदुस्थानापर्यंतच्या लोहारांनी त्यांची नक्कल केली आणि स्थानिक पात्यांवर त्या ठोकल्या. अशा रीतीने फिरंग हा शब्द उगमवाचक होता तो आकारवाचक झाला. सरळ, लांब, अंगावर उभ्या पन्हळी असलेले पाते ज्या तलवारीस आहे ती फिरंग, मग ते पाते कोठेही घडलेले असो. ह्यावरून निघणारा नियम संशोधकाने विसरू नये : ‘फिरंग’ हा शब्द पात्याच्या युरोपीय जन्माचा पुरावा होऊ शकत नाही. तो पुरावा पात्याच्या घडणीत व खुणांत शोधावा लागतो. रघोजींच्या तलवारीचे पाते युरोपीय आहे ते अक्षरांवरून नव्हे, लोखंडावरून ठरते.

३

आता लेखाकडे वळू. सहा शब्दांच्या ह्या ओळीत एकही विभक्तिप्रत्यय नाही. ‘रघोजी भोसले यांची फिरंग’ असे आपण आज लिहू. येथे मात्र स्वामी आणि वस्तू शेजारी ठेवली आहेत, आणि त्यांचा संबंध वाचणाऱ्याने जाणावयाचा आहे. शस्त्रावरील जागा थोडी असते हे एक कारण. शिक्के व नोंदी यांची संक्षिप्त शैली हे दुसरे. परंतु प्रत्यय नसल्यामुळे ओळ कोठे तोडावी हा प्रश्न उभा राहतो. ‘सुभा’ आणि ‘फिरंग’ एकत्र वाचले तर भलताच अर्थ होईल. ‘सेनासाहिब सुभा’ हा शाहू छत्रपतींनी दिलेला किताब एकसंध आहे, हे ठाऊक असेल तरच ‘सुभा’नंतर थांबता येते आणि ‘फिरंग’ हे ओळीचे मुख्य नाम म्हणून वेगळे दिसते. म्हणजे व्याकरणाचा निर्णय येथे इतिहासाच्या आधारावाचून लागत नाही.

ह्या ओळीच्या प्रसिद्ध झालेल्या उताऱ्यांविषयी एक तक्रार नोंदविणे भाग आहे. मूळ लेखात ‘रघोजी’ आहे. लेखनात ते पुष्कळ ठिकाणी ‘रघुजी’ किंवा ‘रघूजी’ झाले. मूळ ‘साहिब’ हे ‘साहेब’ झाले. प्रचलित रूप म्हणून ‘रघुजी’ लिहिण्यास कोणाची हरकत नाही. परंतु अवतरणचिन्हांच्या आत ते घालणे म्हणजे पुरावा दुरुस्त करणे होय. ‘रघोजी’ ह्या रूपातील ओकार फिरंगोजी, तुकोजी, राणोजी यांच्या पंक्तीतला आहे. ‘रघु’ ह्या संस्कृत नावाकडे झुकणारे रूप वापरताच ती पंक्ती मोडते. ‘साहिब’ हे रूप अरबी-फारसी उच्चाराजवळ आहे, आणि अठराव्या शतकातील मराठी दरबारी लेखनाचा कल त्यातून दिसतो. एका इकारात जो इतिहास आहे तो पुसण्याचा अधिकार वर्णनकारास नाही.

४

मुठीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘बास्केट हिल्ट’ ह्या इंग्रजी नावाचा जन्म युरोपात झाला. सोळाव्या शतकात तेथे हातावरील लोखंडी पंजे मागे पडत गेले आणि उघड्या हाताच्या रक्षणासाठी मुठीभोवती लोखंडी सळ्या व पट्ट्या जोडून पिंजरा करू लागले. व्हेनिसच्या चाकरीतील डाल्मेशियन सैनिकांची ‘स्कियाव्होना’, इंग्लंडच्या यादवी युद्धातील घोडेस्वारांची तलवार आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील लोकांची रुंद तलवार ही ह्या कुळातील प्रसिद्ध उदाहरणे. सळ्यांच्या त्या विणीस ‘टोपली’ हे रूपक शोभते.

आपल्या मुठीचे काय? तिच्यात पिंजरा नाही. बोटांपुढून वर वळणारी रुंद पट्टी म्हणजे परज. मूठ व पाते यांच्या सांध्यावर पसरलेले पत्र्याचे रक्षक. त्याच्या आतल्या बाजूस हातास लागू नये म्हणून बसविलेली कापडाची गादी. वर तबकडी आणि तबकडीतून निघालेला लांबट दांडा. हा दांडा दुहेरी उपयोगाचा : दोन्ही हातांनी घाव घालताना दुसऱ्या हातास तो आधार देतो आणि तलवार म्यानात असताना हात त्यावर विसावतो. पात्याच्या मुळाशी दोन्ही अंगांस लोखंडी पट्ट्या बसवून त्याला बळकटी दिलेली असते. ही रचना पत्र्याची आहे, सळ्यांची नाही. हात झाकावा ही गरज दोन्हीकडे सारखी. ती भागविण्याची रीत निराळी. दोन भाषांत एका अर्थाचे शब्द सापडले म्हणून एकाने दुसरीपासून ते घेतले असे भाषाशास्त्रज्ञ म्हणत नाही. ध्वनींची नियमित जुळणी दिसावी लागते. शस्त्रांच्या बाबतीतही हाच दंडक लावला पाहिजे. प्रयोजनाचे साम्य हे ऋणाचे प्रमाण नव्हे, रचनेचे साम्य दाखवावे लागते.

तेव्हा ‘टोपलीची मूठ’ हे भाषांतर दोन कारणांनी त्याज्य आहे. एक तर रूपक लागू पडत नाही. दुसरे, त्यामुळे येथील मूठ ही युरोपीय प्रकाराची पोटजात आहे असा ग्रह होतो. ‘मुल्हेरी’ हा शब्द आपल्याजवळ असताना हा उसना कशास? मुल्हेर हे बागलाणातील गाव व किल्ला. त्यावरून हे विशेषण साधले आहे. अर्थात फिरंगेस लावलेला नियम मुल्हेरीसही लावला पाहिजे. प्रत्येक मुल्हेरी मूठ मुल्हेरातच घडली असे हे नाव सिद्ध करीत नाही. ते घाट सांगते. तरीही एवढे खरे की, ह्या एका तलवारीत दोन स्थलनामे एकत्र नांदत आहेत. पात्याचे नाव समुद्रापलीकडचे, मुठीचे नाव बागलाणचे, आणि दोहोंवर स्वामीचे नाव नागपूरचे. ‘ही तलवार कोठली?’ हा प्रश्न म्हणूनच चुकीचा विचारला जातो. कोणता भाग कोठला, असे विचारल्यास उत्तर मिळते.

५

येथे स्कॉटलंडचे उदाहरण उपयोगी पडेल. ज्या तलवारीस जग ‘स्कॉटिश’ म्हणते तिची पाती बव्हंशी स्कॉटलंडची नव्हती. ती सोलिंगेनहून येत. त्यांच्यावर पुष्कळदा ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव कोरलेले असे. सोळाव्या शतकात इटलीतील बेल्लुनो येथे ह्या नावाचा कारागीर होऊन गेला. पण त्याच्या मागून पिढ्यान्‌पिढ्या जर्मन पात्यांवर त्याचे नाव पडत राहिले. व्यक्तिनाम तेथे गुणवत्तेची खूण झाले, जसे येथे देशनाम झाले. मुठी मात्र ग्लासगो व स्टर्लिंग येथील कारागीर घडवीत, आणि त्या मुठींवरूनच तलवार स्कॉटिश ठरली. १७४५ साली स्कॉटलंडचे डोंगरी लोक ब्रिटनच्या राजाविरुद्ध उठले तेव्हा त्यांच्या हातात अशा तलवारी होत्या. त्याच वर्षी रघोजी भोसले बंगालच्या स्वारीवर होते. एकाच जातीच्या पेठांतून निघालेली पाती जगाच्या दोन टोकांस दोन निरनिराळ्या मुठींत बसली. स्कॉटलंडने आपल्या तलवारीस मुठीवरून ओळखले, मराठीने पात्यावरून. वस्तू सारख्याच रीतीने जोडलेल्या असून नावे उलट बाजूंनी पडली. म्हणून एका भाषेतील नावाचे दुसरीत सरळ भाषांतर केले की तलवारीचे तोंड फिरते.

नाव वस्तूविषयी जेवढे सांगते तेवढेच नाव ठेवणाऱ्याविषयीही सांगते, ह्याचे आणखी एक उदाहरण इंग्लंडातच आहे. तेथील यादवी युद्धाच्या काळातील टोपली-मुठीच्या काही तलवारींस ‘मॉर्च्युअरी’ म्हणजे मृत्युस्मारक तलवारी म्हणतात. त्यांच्या मुठींवर कोरलेले चेहरे १६४९ साली वध झालेल्या पहिल्या चार्ल्स राजाचे आहेत अशी समजूत होती. परंतु हे नाव एकोणिसाव्या शतकातील संग्राहकांनी दिलेले आहे, आणि अशा कित्येक तलवारी राजाच्या वधापूर्वीच्या आहेत. नाव मागाहून आले आणि तारीख ठरवू लागले. आपल्याकडे असे होत नाही असे म्हणवत नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या तलवारींविषयीचा वाद ह्या दृष्टीने पाहावा. प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या १८७५-७६ च्या दौऱ्यात कोल्हापूरहून गेलेली आणि आज ब्रिटिश राजसंग्रहात असलेली तलवार युरोपीय पात्याची आहे. ती भवानी की जगदंबा, की साताऱ्याची तीच खरी भवानी, यावर मराठीत उदंड शाई खर्च झाली. ‘भवानी’ हे विशेषनाम आहे. ते श्रद्धेने दिलेले आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. परंतु विशेषनामाच्या वादात सामान्यनामाचा अभ्यास राहून गेला. एका पक्षास पाते परदेशी म्हटले की उणेपणा वाटतो. दुसरा पक्ष, पूर्वीच्या इंग्रजी सूचिकारांचा, पाते स्पॅनिश वा जर्मन म्हणून तलवारच युरोपीय ठरवितो. दोघांची चूक एकच : भागास संपूर्ण मानणे.

उणेपणाचे तर कारणच नाही. दख्खनला पोलाद ठाऊक नव्हते म्हणून पाती आणली असे कोणी समजू नये. गोवळकोंड्याचे पोलाद सतराव्या शतकात इराणपर्यंत जात होते आणि तेथील नामांकित पाती त्यापासून घडत. एकीकडे पोलाद बाहेर जात होते, दुसरीकडे तयार पाती बंदरांतून आत येत होती. हा व्यापार होता. घोडेस्वारास लांब, सरळ व हलके पाते हवे होते. ते जेथे चांगले मिळाले तेथून त्याने घेतले, आपल्या हाताच्या सवयीची मूठ त्यास बसविली आणि आपल्या लिपीत आपले नाव घातले. शब्दांच्या उसनवारीतही हेच घडते. धातू परका, प्रत्यय आपला; आणि शब्दाचे चलन ठरवितो तो प्रत्यय. ‘फिरंगोजी’ हे नाव मराठी आहे की फारसी, असा प्रश्न कोणी करीत नाही.

मूठ व पाते यांच्या जोडणीमुळे आणखी एक सावधगिरी पाळावी लागते. युरोपात पात्याचे शेपूट मुठीतून पार नेऊन वरच्या टोकास ठोकून बसवीत. आपल्याकडे ते मुठीच्या पोकळीत राळेच्या लुकणाने पक्के करीत. ऊब दिली की ते सुटते. जुन्या पात्यास नवी मूठ बसविणे हे येथे अवघड काम नव्हते. म्हणून पात्याचा काळ, मुठीचा काळ आणि लेखाचा काळ हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. लेखावरून फार तर एवढे म्हणता येईल की, रघोजींना किताब मिळाल्यानंतर केव्हातरी ही अक्षरे पात्यावर आली. ते पाते त्याआधी किती वर्षे व किती हातांत फिरले हे अक्षरे सांगत नाहीत.

६

ह्या चिकित्सेतून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. संग्रहालयातील शस्त्राच्या पाटीवर पाते, मूठ व लेख यांची माहिती तीन ओळींत स्वतंत्र द्यावी. लेख अक्षरशः उतरावा. प्रचलित रूप द्यावयाचे असल्यास ते खाली वेगळे द्यावे. ‘युरोपीय तलवार’ किंवा ‘टोपलीची मूठ’ असे शब्द टाकून ‘युरोपीय पाते, मुल्हेरी मूठ’ असे लिहावे. तेवढ्याने निम्मा वाद मिटेल. कोशकारांनी ‘फिरंग’ ह्या नोंदीत उगमाचा व आकाराचा असे दोन अर्थ क्रमाने द्यावेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक काम शिल्लक आहे. शिवकालात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला तेव्हा शस्त्रांसाठी एक स्वतंत्र वर्ग ठेवण्याची त्यांना गरज वाटली. इतकी ती शब्दसंपत्ती राज्यकारभारात जिवंत होती. आज ‘तलवार परजणे’ हा वाक्प्रचार आपल्या लेखनात सर्रास येतो, पण परज कोठे असते हे विचारल्यास बहुतेक जण पात्याकडे बोट दाखवितील. क्रियापद जगले आणि नाम मेले. मुठीच्या प्रत्येक अवयवास मराठीत नाव होते. ती नावे घराण्यांच्या शिलेखान्यांच्या याद्यांत, मोडी दफ्तरांत आणि अजून शस्त्रे सांभाळणाऱ्या व घडविणाऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. ती वस्तूसमोर उभे राहून, कोणते नाव कोणत्या अवयवाचे हे पडताळून, नोंदवून घेतली पाहिजेत. परक्या भाषेतील शब्दांचे भाषांतर करून ती कोशात भरणे सोपे आहे. परंतु मग रघोजींच्या फिरंगेवरील अखेरचा शब्द आपणांस वाचता येईल आणि त्याचा अर्थ मात्र इंग्रजी सूचीत पाहावा लागेल. तलवार परत आणण्यास ४७ लाख रुपये पुरले. तिचे शब्द परत आणण्यास पैसा फारसा लागणार नाही, अभ्यासकांचे श्रम लागतील.